एकवीस कलमे आणि सुजाताचा डबा

आमच्या टीमच्या पहिल्या करारात एकवीस कलमे होती आणि ती चार मिनिटांत मंजूर झाली. त्यांपैकी एकोणीस कोणी पाळली नाहीत. उरलेली दोन मात्र अक्षरशः पाळली गेली, आणि जे नुकसान झाले ते या दोन कलमांमुळे झाले. कलमे मी लिहिली होती, त्यामुळे ही हकीकत सांगण्याची जबाबदारीही माझ्याकडेच येते.

साताऱ्यात एका हायस्कुलात मी अकरा वर्षे गणित शिकवले. यजमानांच्या बदलीमुळे सांगलीला आले आणि सांगली-मिरज रस्त्यावर, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर असलेल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले. तिथूनच गेल्या वर्षी निवृत्त झाले. बाकीचा जीवनक्रम वाचकांच्या उपयोगाचा नाही, म्हणून गाळते. माझे पद स्क्रम मास्टरचे, म्हणजे टीमच्या बैठका घेण्याचे आणि ठरलेले पाळून घेण्याचे होते. शेजारच्या बाईंना बरीच वर्षे हा कुस्तीच्या तालमीतला हुद्दा वाटत असे.

आमचे काम ज्या पद्धतीने चाले तिला अजाइल म्हणतात. या पद्धतीत मोठे काम एकदम अंगावर घेत नाहीत. दोन आठवड्यांत पुरा होईल एवढा तुकडा तोडायचा, तो करायचा, ग्राहकाला दाखवायचा, त्याचे ऐकून घ्यायचे आणि मग पुढचा तुकडा घ्यायचा. रोज पंधरा मिनिटांची एक बैठक असते. ती उभ्याने घ्यावी, म्हणजे लांबत नाही, असे शिकवतात. वरून हुकूम येत नाही. माणसे आपसांत ठरवतात. कधी भेटायचे, काम पुरे झाले असे कधी म्हणायचे, कोणाला कोणत्या वेळी हाक मारायची नाही, एकमेकांची चूक कशी सांगायची, हे टीमने स्वतः ठरवून लिहून काढायचे असते. या कागदाला कामाचा करार म्हणतात. त्याच्यावर शिक्का नसतो आणि न्यायालयात तो चालत नाही. तरीही तो नसला, तर चार शहाणी माणसे पंधरवड्यात एकमेकांशी बोलेनाशी होतात, हे मी पाहिले आहे. तो असला तर काय होते, ते आता सांगते.

आम्ही पाच जण होतो. मिरजेच्या एका हॉस्पिटलसाठी सॉफ्टवेअर करायचे काम होते: केसपेपर, रुग्णांची रांग आणि पुढे रक्ततपासणीचे रिपोर्ट. अण्णा हे आमच्यातले सर्वांत जुने प्रोग्रामर. गाव कराडजवळ, घरचा ऊस. दुसरा प्रोग्रामर अमोल, माधवनगरचा. नात्याने अण्णांचा दूरचा भाचा. भोसले हे सैन्याच्या सिग्नल विभागातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. हॉस्पिटलमधली यंत्रे आणि तारा त्यांच्याकडे. आणि सुजाता मगदूम. ती सांगलीजवळच्या खेड्यातून बसने येत असे. आम्ही केलेले काम मोडते का, हे पाहणे तिचे काम होते. हे काम चिकाटीचे आहे आणि त्याबद्दल कोणी आभार मानत नाही. मी पाचवी. कंपनीत सर्वांनी एकमेकांना नावाने हाक मारावी असा नियम होता. मला सगळे बाई म्हणत. भोसले तेवढे मॅडम म्हणत.

मे महिन्यात कराराची बैठक घेतली. मी उभी राहिले आणि पहिले कलम वाचू लागले. वाक्य अर्ध्यावर असतानाच अण्णा म्हणाले, "मंजूर."

"मंजूर, मंजूर!" अमोल म्हणाला. सुजाताही म्हणाली. भोसल्यांनी हात वर केला.

"अण्णा, अजून वाक्य पुरं व्हायचंय," मी म्हणाले.

"हुंदे की, बाई. ऱ्हायल्यालं बी मंजूर."

कृष्णाकाठच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगते. आमच्याकडे सहकारी संस्थेचा सभासद नाही असे घर सहसा सापडत नाही. दरवर्षी वार्षिक सभा होते. मांडव असतो, व्यासपीठावर हार असतात, एक जण विषयपत्रिका वाचतो आणि प्रत्येक विषयाला मांडवातून "मंजूर" असा गजर होतो. विषय ऐकू आलेला असावा अशी अट नसते. गजर जितका मोठा, तितकी सभा यशस्वी. आमची मुले हा शब्द बाराखडीच्या आधी ऐकतात. अशा माणसांपुढे मी एकवीस विषयांची पत्रिका वाचायला घेतली होती.

सहाव्या कलमापासून मी नुसते क्रमांक वाचले. शेवटी अण्णांनी सूचक म्हणून आणि अमोलने अनुमोदक म्हणून नाव दिले. भोसल्यांनी अध्यक्षांचे, म्हणजे माझे, आभार मानले.

"बाई, खाली लिव्हा," अमोल म्हणाला, "सहकार्याबद्दल आभारी हाय."

मी तो कागद सुवाच्य अक्षरात लिहिला, त्याला प्लास्टिक चढवले आणि भिंतीवर लावला. त्या दिवशी मला फार समाधान वाटले, हे नमूद करते.

दुसरे कलम बैठकीत उभे राहण्याचे होते. तिसऱ्या दिवशी अण्णा भिंतीला टेकले, आठव्या दिवशी टेबलाला, आणि महिना संपताना सर्व जण खुर्च्यांत होते. अकरावे कलम मोबाइल बंद ठेवण्याचे. अण्णांच्या उसाच्या मोटारीला वीज कधी येते, हे अण्णांच्या मोबाइलला आधी कळते; त्यामुळे ते कलम पहिल्याच दिवशी निकालात निघाले. मी काही बोलले नाही. मात्र चौथे आणि नववे कलम मी स्वतः उभी राहून पाळून घेतले. चौथे असे: रोजची बैठक सायंकाळी सव्वासहाला, त्यात हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेचे डॉक्टर फोनवर असतील. नववे असे: पावणेपाच ते सव्वासहा शांत वेळ, जागा सोडायची नाही, बोलायचे नाही, टेबलावर खायचे नाही. ही दोन कलमे घड्याळाची होती, आणि घड्याळ मला पाळता येते.

काम चांगले चालले होते. केसपेपरच्या खिडकीवर बसणाऱ्या एक मावशी मात्र आमचे काही ऐकत नसत. आम्ही प्रत्येक रुग्णाला क्रमांक दिला होता. पडद्यावर क्रमांक येई, घंटी वाजे, आणि कोणीही उठत नसे. मग मावशी खिडकीतून डोके बाहेर काढून ओरडत, "कडेगावचं कोण हाय? तासगावचं कोण हाय?" आणि माणसे उठून येत. मी त्यांना क्रमांकाचे फायदे समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, "आवं बाई, आजारी मानसाला नंबर ध्यानात ऱ्हातोय व्हय? गाव ऱ्हातंय." आम्ही दोन आठवड्यांचा एक तुकडा खर्च करून पडद्यावर गावाचे नाव आणले. ग्राहकाचे ऐकावे लागते ते असे.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुजाताने राजीनामा दिला. कारण, घरगुती. महिनाभराची मुदत होती. रक्ताच्या रिपोर्टचे काम ऐन तपासणीला आलेले, आणि ते तिच्याइतके कोणालाच माहीत नव्हते. मी विचारले, तर "घरचंच आहे, बाई," एवढेच म्हणाली. शिक्षकाला घरगुती कारणाचे अर्ज ओळखीचे असतात. मी अधिक विचारले नाही. चौकशी न करणे हा सभ्यपणा आहे, अशी माझी समजूत होती.

मुदतीचे जेमतेम दहा दिवस उरले असताना भोसले माझ्या टेबलासमोर येऊन ताठ उभे राहिले.

"मॅडम, एक रिपोर्ट द्यायचाय. मगदूम मॅडमचा डबा भरल्याला परत जातोय. गौरी-गणपतीपासनं."

"म्हणजे?"

"सांच्याचा डबा. त्या दिवस मावळल्यावर खात न्हाईत. पाणी सुदीक न्हाई. आन् दिवस मावळायच्या वक्ताला आपली शांत वेळ, न्हाईतर मिटिंग. साडेचारच्या च्याबरूबर दोन घास खात्यात, बास. मग डायरेक्ट दुसऱ्या दिवशी सकाळी."

मी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिले. सुजाता जैन घरातली आहे, हे मला माहीत होते. सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नियमही माहीत होता. या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. साडेसहाला बैठक संपवून ती जेवत असे. करार आम्ही मे महिन्यात केला होता. दिवस पुढे लहान होतात, ही गोष्ट मी स्वतः वर्गात शिकवलेली आहे.

"तुम्हाला हे कसं कळलं, भोसले?"

"फौजेत पैल्यांदा हेच बघत्यात, मॅडम. कोण जेवलं, कोण न्हाई. बंदुकीचं मागनं."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"कलम बारा," भोसले म्हणाले. "सहकाऱ्याच्या खाजगी बाबतीत लक्ष घालू नये."

म्हणजे पाळली गेलेली कलमे तीन निघाली.

सुजाताला मी जिन्यावर गाठले. तिने आढेवेढे घेतले नाहीत.

"व्हय, बाई. दिवाळीनंतर लयच जड जायला लागलं. बसमधनं घरी पोचेस्तवर डोकं दुखतंय. आई रोज डबा उघडून बघती आन् रडती."

"अगं, मग सांगायचं नाहीस? मी कलमं वाचत होते तेव्हा विचारलं होतं."

"इचारलं हुतं की. मी मंजूर म्हणाले."

"का म्हणालीस?"

"सगळीच म्हणाली. मी एकटीच कशी गप बसणार, बाई? आमच्या वडलांनी एकदा सोसायटीच्या सभेत न्हाई म्हणून हात वर केला हुता. चार वर्षं झाली, गावात अजून त्यास्नी न्हाई म्हणणारं मगदूम म्हणूनच वळखत्यात."

मी तिला बैठकीतून सूट देऊ केली. तिने मान हलवली.

"सूट नको. मग रोज म्हणत्यात, मगदूमबाईंसाठी थांबू नका, त्यांचं जेवण असतंय. मी आठवीत असल्यापासनं हे पाळतीय. ते मोडायचं न्हाई, आन् रोज कुणाच्या तोंडाकडं बघत जेवायचं बी न्हाई. नेम न्हाईतर नोकरी, दोन्हीतलं एक सोडायला पायजे का नको?"

असे काम आसपास दुसरीकडे कुठे नव्हते. ते पुण्यात मिळाले असते, आणि पुण्याला तिच्या घरचे पाठवणार नव्हते. नोकरी सोडली की ती घरी बसणार, हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही.

त्या दिवशी मी जागेवर जाऊन बसले आणि मला माझे वर्ग आठवले. प्रमेय फळ्यावर लिहून झाले की मी वर्गाकडे वळून "समजलं का?" असे विचारत असे, आणि पन्नास मुले एका सुरात "हो बाई" म्हणत. अकरा वर्षे मी ते उत्तर खरे धरले. त्यातले किती जण उपाशी उठून गेले असतील, हे मोजण्याचे साधन आता माझ्याकडे नाही.

शनिवारी मी भिंतीवरचा कागद उतरवला आणि सर्वांना टेबलाभोवती बसवले. नवी रीत सांगितली. नियम वाचायचा. मग प्रत्येकाने, वयाने लहान असेल त्याने आधी, हा नियम आपल्याला कुठे जड जाईल ते सांगायचे. "काही नाही" हे उत्तर चालणार नाही. कोणालाच जड जात नसेल, तर तो नियम लिहायचाच नाही. तो लोक एरवीही पाळतात. मंजूर हा शब्द या खोलीत उच्चारायचा नाही.

"बाई, हे नव्या सुनेला सासूनं त्रास इचारल्यागत झालं," अमोल म्हणाला. "काय बोललं तर बी अडकलो."

"चूक दिसली तर सर्वांसमोर, त्या माणसाला तोंडावर सांगायची," मी वाचले. "काय जड जाईल?"

"अण्णांची चूक कशी काढू? माझ्या लग्नाचा मांडव त्यांनी उभा केलाय."

"मांडव घातला म्हणून चूक काढू नगंस, असं कवा म्हणालो रं मी?" अण्णा म्हणाले.

"म्हणायला लागतंय व्हय, अण्णा?"

अण्णांनी खुर्ची अमोलकडे वळवली. "गेल्या म्हैन्यात ते रांगेचं चुकलं हुतं. तुला म्हाईत हुतं?"

"म्हाईत हुतं."

"आन् बोलला न्हाईस?"

"तुमी जेवायला गेल्यावर नीट करून ठेवलं."

अण्णांचा चेहरा त्या मांडवाचे बांबू आठवून मोजत असल्यासारखा झाला. "पुढच्या टायमाला तोंडावर सांग," ते म्हणाले. "वाईट वाटंल. पर सांग." हे आमच्या करारातले पहिले कलम झाले, आणि "वाईट वाटेल" हे शब्द मी त्यात तसेच ठेवले.

मग बैठकीच्या वेळेचा विषय निघाला. सुजाताने टेबलाकडे पाहत सांगितले. फार वेळ लागला नाही. तीन वाक्ये होती.

"पोरी, इतकं दिवस उपाशी?" अण्णा म्हणाले. "सांगायचं न्हाईस?"

"अण्णा, पैल्यांदा मंजूर तुमीच म्हणला हुता."

अण्णांनी मोबाइल उलटा ठेवला.

मी तयारीने आले होते. कॅलेंडरवरून वर्षभराच्या सूर्यास्तांचा आठवडावार तक्ता मी काढला होता, दोन रंगांत. सूर्यास्ताआधी पाऊण तास बैठक संपावी, अशी वेळ प्रत्येक आठवड्यासाठी त्यात होती.

"बाई, ग्रहणाचं बी बघितलंय नव्हं?" अमोलने विचारले.

अडचण डॉक्टरांची होती. ते सव्वासहालाच मोकळे असतात, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. मी त्यांना फोन लावला आणि सर्वांना ऐकू येईल असा ठेवला. बैठक थोडी अलीकडे घेता येईल का, असे अदबीने विचारले.

"अहो, घ्या की!" डॉक्टर म्हणाले. "सव्वासहाला माझ्याकडे सगळ्यांत जास्त गर्दी असते. एका कानाला तुम्ही आणि समोर पेशंट."

"मग आपण कधी बोलला नाहीत?"

"तुमचा छापील कागद आला. म्हटलं, तुम्हा सगळ्यांची तीच सोय असेल."

"आपल्याला वेळ कधी असतो?"

"पावणेतीन. तेव्हा मी खुर्चीत डोळे मिटून बसतो. घ्या तेव्हा."

फोन ठेवल्यावर सर्वांनी माझ्याकडे पाहिले. सव्वासहा ही वेळ कोणीही मागितलेली नव्हती. हॉस्पिटलातले लोक सहाला सुटत असतील, असे मी मनाशी ठरवले होते. अनेक वर्षे घंटेवर काम केलेल्या माणसाला साऱ्या जगालाच सुटण्याची घंटा असते, असे वाटते. एका माणसाचा अंदाज चार जण सात महिने निमूट पाळत होते आणि पाचवा मिरजेत कानाला लावून बसला होता. तक्ता मी घडी करून पिशवीत ठेवला. शांत वेळ सकाळी नेली. त्या दिवशी एकंदर चार कलमे लिहून झाली. त्यांना अडीच तास लागले.

निघताना मी सुजाताला राजीनाम्याबद्दल विचारले. तिने डबा पिशवीत सारला. "बघते, बाई," म्हणाली. शुक्रवार तिचा शेवटचा दिवस होता.

सोमवारी पावणेतीनला बैठक सुरू झाली. डॉक्टर फोनवर होते. बुधवारी खिडकीवरून रक्ताचे रिपोर्ट देणे सुरू व्हायचे होते. तारीख हॉस्पिटलने फलकावर लावलेली होती. अण्णांनी सांगितले, काम पुरे आहे. मी पुढच्या विषयाकडे वळत होते.

"पुरं न्हाई," सुजाता म्हणाली.

असे वाक्य तिने ग्राहकासमोर पूर्वी कधी उच्चारले नव्हते. सापडलेल्या चुका ती चिठ्ठीवर लिहून अण्णांच्या टेबलावर ठेवत असे.

"अण्णा, नाव आन् गाव टाकलं की रिपोर्ट निघतोय. पर एका गावात एकाच नावाची दोन माणसं असली, तर पैला सापडंल तो निघतोय. मी आत्ता तीनदा करून बघितलं. एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या हातात जाणार."

"नंबर टाकायचा की मग," अण्णा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"खिडकीवरच्या मावशी नंबर टाकत न्हाईत. त्या गाव इचारत्यात. आपणच त्यास्नी गाव दिलंय."

अमोल अण्णांकडे पाहत होता. अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्या मदतीला गेले नाही. मग ते म्हणाले, "चुकलंय. माझंच हाय ते."

"म्हणजे बुधवार गेला," डॉक्टर फोनवरून नाराजीने म्हणाले. "आता मी वर काय सांगू? होणार कधी हे?"

उत्तर अण्णांनी द्यायचे होते. सुजाताने त्यांच्याआधी दिले.

"अण्णास्नी पाच दिवस द्या, डॉक्टर. पुढच्या सोमवारी सगळं पहिल्यापासनं परत तपासायचं. मंगळवारी तुमाला सांगू."

पुढचा सोमवार शुक्रवारनंतर येतो, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होते. अमोलने काही बोलण्यासाठी तोंड उघडले. भोसल्यांनी त्याच्या पायावर पाय ठेवला. मी फळ्यापाशी गेले आणि "सोमवार, फेरतपासणी" असे लिहिले. त्यापुढे काम करणाऱ्याचे नाव लिहायचे असते. इतक्या वर्षांत ते नाव मी न विचारता लिहीत आले होते. त्या दिवशी मी वळले आणि विचारले, "नाव कोणाचं लिहू?"

"मगदूम लिव्हा, बाई," सुजाता म्हणाली. "दुसरं कुणाला जमणार हाय ते?"